तिसरा रकाना

इटालियन मला बोलता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अडीच वर्षं मी इटालियन क्रियापदांचं काम केलं हे कळलं की लोक लगेच म्हणतात, मग बोलून दाखव की काहीतरी. बोलून दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी त्या भाषेची क्रियापदं फक्त कापली. शेकडो क्रियापदं, प्रत्येकाची पन्नासएक रूपं आणि प्रत्येक रूप दोनदा, एकदा लाल पेन्सिलीने आणि एकदा निळ्या.

लाल रेघ तोंडाची, निळी रेघ अर्थाची. पार्लावानो म्हणजे 'ते बोलत असत'. तोंडाने म्हणून पाहिलं तर पार-ला-वा-नो, असे चार घास. अर्थाने तोडलं तर पार्ल्-आ-वा-नो. आधी धातू, मग तो कुठल्या गणातला त्याची खूण, मग भूतकाळाचा तुकडा आणि शेवटी 'ते'. धातू नागरीत लिहायचा तर ल चा पाय मोडावा लागतो. मागच्या रेघा एकमेकींवर पडतात, पहिली मात्र नेहमी चुकते. काही रूपांत तर लाल रेघ निळ्या तुकड्याच्या बरोबर पोटातून जाते. ज्यांना हे वाचून जांभई आली त्यांना मी दोष देत नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना यायची. "काय गं, अजून इटालियन भाजीच चिरतेस का?" असं एकीने गणपतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि सगळे हसले होते. मीही हसले, कारण अशा वेळी हसायचं असतं.

युरो नुकताच हातात आला होता तेव्हाची ही गोष्ट. नवऱ्याला जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मोठ्या विजेच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याच्यामागून मी गेले. माझ्या पासपोर्टातल्या व्हिसावर शिक्का होता, काम करण्यास परवानगी नाही. पुण्याहून संस्कृत व्याकरणात एम.ए. झालेली, दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली बाई मी. त्या शिक्क्यामुळे दिवसभर घर पुसायची. तिथे धूळ फार नसते, तेही काम लवकर संपायचं.

प्रादेशिक ट्रेनने पाऊण तासावर दुसऱ्या गावात एक विद्यापीठ होतं. तिथल्या ग्रंथालयात मी नुसती वाचायला म्हणून जायला लागले. एक दिवस फळ्यावर चिठ्ठी दिसली. इटालियन क्रियापदांच्या कोशासाठी शब्दांची फोड करता येणारं कुणी हवं आहे. मी दार वाजवलं. प्रोफेसर साठीच्या आतबाहेरचे, उंच आणि कमालीचे सभ्य गृहस्थ होते. त्यांना मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मला इटालियन येत नाही, पण धातू आणि प्रत्यय वेगळे करण्यात माझं वय गेलं आहे. त्यांनी एक कागद पुढे केला. वीस रूपं होती, मी वीस फोडली. दोन चुकली. "आल्झो," 'तर मग' अशा अर्थाने ते म्हणाले, "दोन फारच कमी आहेत." शिक्क्याचं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग पाहुणी अभ्यासक म्हणून या. पगार अर्थातच नव्हता.

मला पगाराची पडलीच नव्हती. मला तिथे पीएच.डी. करायची होती. अर्ज केला होता, त्यावर उत्तर आलं होतं की तुमची पदवी आमच्या पदवीच्या बरोबरीची नाही, आधी चार सहामाह्या पुन्हा शिकाव्या लागतील. त्याच पत्रात खाली एक सवलत होती. स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेलं एखादं संशोधन असेल तर समिती ती अट माफ करू शकेल. हे पत्र प्रोफेसरांनाही मी दाखवलं होतं. ते म्हणाले होते, "मग हा कोश तुमच्या उपयोगी पडेल." एवढंच. पण मी ते वाक्य घरी नेलं आणि अडीच वर्षं त्याच्यावर काढली. कोशाच्या पहिल्या पानावर माझं नाव आलं की मी पुन्हा कुणीतरी होणार होते.

खोलीत आम्ही दोघी बसायचो, मी आणि प्रोफेसरांची सहायिका. माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान, केस अगदी आखूड आणि बोलणं त्याहून आखूड. कंटाळा आला की म्हणायची, "मला कंटाळा आला, मी जाते," आणि जायची. पहिल्याच आठवड्यात ती माझ्यादेखत प्रोफेसरांना म्हणाली, "पुस्तकावर दुसरं नाव माझं असेल ना? मला ते हवंय." प्रोफेसर म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि विषय संपला. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसले. काय हा आगाऊपणा, असं मला वाटलं होतं. अजून एक शब्द लिहिला नाही आणि बाई नाव मागून मोकळी!

मी अंगठ्याने बोटांची पेरं मोजत अक्षरं तोडायची, आमच्या सरांनी मात्रा मोजायला शिकवलं होतं तशी. तिला त्याचं फार नवल वाटायचं. इटालियनच्या ओळखीसाठी मी फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे प्रौढांच्या शाळेच्या, संध्याकाळच्या वर्गालाही नाव घातलं. तिथे निवृत्त जर्मन बायका सुट्टीत इटलीतल्या तळ्याकाठी मासे कसे मागवायचे ते शिकत होत्या. त्यांना मासे आले, मला मात्र अपूर्ण भूतकाळ आला.

आता तिसऱ्या रकान्याचं सांगते, कारण ते माझं आहे आणि हे मी कुठेच छापून सांगितलेलं नाही. फिनिरे म्हणजे संपवणे. त्याची काही रूपं सरळ चालतात आणि काहींत मध्येच 'इस्क' असा एक तुकडा घुसतो. फिनिस्कोनो, म्हणजे ते संपवतात. तोंडाने फि-नी-स्को-नो. पण अर्थाने तोडताना त्या इस्कचं करायचं काय, ते ठरत नव्हतं. प्रोफेसर तो शेपटाला जोडायचे, सहायिका धातूला, आणि दोघांचेही तक्ते पुढे जाऊन अडायचे. मी पाहिलं आणि हसूच आलं मला. संस्कृतात शाळकरी पोरंही हे शिकतात. धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये येऊन बसणारा, स्वतःचा काही अर्थ नसलेला, काही रूपांत दिसणारा आणि काहींत गायब होणारा तुकडा. आम्ही त्याला विकरण म्हणतो. मी म्हटलं, तो इकडेही जोडू नका आणि तिकडेही नको, त्याला त्याचा स्वतःचा रकाना द्या. प्रोफेसर चष्मा काढून म्हणाले, "हे आम्हाला सुचायला हवं होतं." त्यानंतर सगळा कोश पहिल्यापासून पुन्हा आखला. दोन रकान्यांच्या जागी तीन आले. त्या दिवशी ट्रेनमध्ये मी एकटीच हसत होते, समोरची बाई जागा बदलून गेली.

घरी फोन केला आणि आईला सांगितलं. आईला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण "नाव छापणार ना गं तुझं?" हे तिने तीनदा विचारलं. मी म्हटलं, हो. मग सांगलीत आमच्या आळीत एक घर राहिलं नाही जिथे ती बातमी पोचली नाही.

याच आईने मला लहानपणी शिकवलं होतं की कुणाकडे गेलं आणि समोर बशी आली, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा त्यांनी हातात कोंबलं की घ्यायचं, तेही अर्धं. एकदा शेजारी मी पहिल्याच खेपेला लाडू उचलला तर आईने सगळ्यांसमोर हसत हसत पाठीमागून असा चिमटा काढला की वळ उठला. ज्याच्या घरी गेलो त्याने आग्रह करायचा आणि आपण आढेवेढे घ्यायचे, यात दोघांचीही शोभा असते. आमच्याकडे आग्रह न करणारं घर म्हणजे माणुसकी नसलेलं घर.

जर्मनीत हे चालत नाही हे मला ठाऊक होतं, अगदी चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी प्रोफेसरांनी घरी कॉफीला बोलावलं होतं. त्यांच्या बायकोने आलुबुखाराचा केक केला होता, इतका सुरेख की विचारू नका. दुसरा तुकडा घेणार का, असं तिने विचारलं आणि मी म्हटलं, नको नको. ती "बरं" म्हणाली आणि केक आत गेला. मी त्या बंद दाराकडे बघत राहिले. मग कानाला खडा लावला आणि त्यानंतर कुणाही जर्मनाच्या घरी मी पहिल्याच खेपेला हो म्हणू लागले. मंडळात हा किस्सा मी रंगवून सांगायची. नव्याने आलेल्या बायकांना बजावायची, "हे बघा, इथे आग्रह नाही, भूक असेल तर तोंडाने सांगायचं." लोक पोट धरून हसायचे.

तर इतकी शहाणी मी.

कोश पुरा होत आला तेव्हा एका दुपारी प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावलं. समोर पानांचा गठ्ठा होता. प्रस्तावनेतल्या दोन-तीन गोष्टी विचारून झाल्या आणि मग त्याच आवाजात, पुढचा मुद्दा असावा तसं ते म्हणाले, "आल्झो, तुमच्या नावाचं. पहिल्या पानावर घ्यायचं ना? आमच्या दोघांच्या खाली, तिसरं."

अडीच वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे. आणि माझ्या तोंडातून शब्द आले, "छे छे, कशाला? मी असं काय केलंय एवढं?"

मी खाली पाहिलं. आता ते काय म्हणतील ते मला अक्षर न् अक्षर माहीत होतं. असं कसं, असं कसं. तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. तिसरा रकाना तुमचाच. मग मी म्हणणार होते, अहो, पण खरंच. मग ते म्हणणार होते, ते काही चालायचं नाही. मग मी म्हणणार होते, बरं, तुम्ही म्हणताच आहात तर.

"गुट," ते म्हणाले. "जशी तुमची इच्छा." त्यांनी पेन्सिलीने कागदावर काहीतरी खोडलं आणि शेवटच्या प्रकरणातल्या टिपांकडे वळले. त्या टिपा मी पाहिल्या. चुकाही दाखवल्या. कोट घालून बाहेर आले आणि स्टेशनपर्यंत चालत गेले. काय झालं ते मला फलाटावर कळलं.

केकच्या वेळी मी शिकले होते, पण ते जेवणापुरतं. नावाची बशी समोर आली तेव्हा सांगलीतली ती चिमट्याला घाबरणारी पोरगीच पुढे झाली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं मग फोन कर ना! उद्या सकाळी कर. सांग, I changed my mind. जर्मन लोकांना त्यात काहीच वाटत नाही."

"असं मागून नाव घेतात का?" मी त्याच्यावरच खेकसले.

"इथे मागूनच घेतात," तो म्हणाला. "मी ऑफिसात तीन वर्षं गप्प बसलो, मला तीन वर्षं कुणी विचारलं नाही."

तो बरोबर होता आणि म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा पहिला प्रश्न होता, "मग त्यांनी पुन्हा नाही विचारलं?" नाही. "एकदासुद्धा नाही?" नाही गं. "कसली माणसं म्हणायची ही!" आई म्हणाली आणि माझ्या बाजूने रडायला लागली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. आज वाटतं की तिनेही एकदा म्हणायला हवं होतं, पोरी, माझंच चुकलं.

छपाईला दोन आठवडे होते. त्या दोन आठवड्यांत मी रोज फोनजवळ बसायची. स्वतः करायला नव्हे. ते करतील म्हणून. मला आतून खात्री होती की ते विचार करतील, त्यांना चुकल्यासारखं वाटेल, ते म्हणतील, हे बरं दिसत नाही, तुमचं नाव आलंच पाहिजे. इतका सभ्य माणूस एकदा तरी आग्रह करेलच. फोन वाजायचा आणि इन्शुरन्सवाला निघायचा.

मग पोस्टाने अंतिम पानं आली. वर पिवळी चिठ्ठी होती, तुमची नजर तीक्ष्ण आहे, कृपया एकदा पाहा. मी ती पानं जेवणाच्या टेबलावर पसरली. पहिल्याच पानावर दोन नावं होती. सहायिकेच्या आडनावात एक अक्षर राहून गेलं होतं. लाल पेन्सिल घेतली, खूण केली, समासात ते अक्षर नीट लिहिलं आणि पान उलटलं. तिसऱ्या नावाला तिथे जागा भरपूर होती. माझ्या हातात पेन्सिल होती, घरात कुणी नव्हतं. मी लिहिलं असतं तर छापलं गेलं असतं, त्यांनी एक शब्द विचारला नसता. मी लिहिलं नाही. वर या वागण्याला मी त्या वेळी स्वाभिमान असं नाव दिलं होतं.

पुस्तक आलं. प्रस्तावनेच्या शेवटी आभार होते आणि त्यात 'पडद्यामागच्या कष्टाळू हातांचे' असे दोन-चार शब्द होते. हातांना नाव नव्हतं. तिसऱ्या रकान्याबद्दल एक आख्खं प्रकरण होतं, त्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं, 'असं लक्षात आलं की'. कुणाच्या लक्षात आलं ते जर्मन भाषेत लिहावं लागत नाही. मराठीतही लागत नाही म्हणा.

तरी मी अर्ज केला. पुस्तकाची प्रत जोडली, कुठली पानं माझी ते वेगळ्या कागदावर लिहिलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. सदर ग्रंथात अर्जदाराचं नाव आढळत नाही, सबब चार सहामाह्यांची अट कायम. चार सहामाह्या म्हणजे दोन वर्षं, आणि तोवर आमचं जर्मनीतलं एकच वर्ष उरलं होतं. नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपत होतं. म्हणजे संपलंच ते.

ते पत्र पर्समध्ये घालून मी प्रोफेसरांना भेटायला गेले. भांडायचं ठरवून गेले होते. ट्रेनमध्ये पाऊण तास जर्मन वाक्यं जुळवली होती, एकही चूक राहू नये म्हणून दोनदा म्हणून पाहिली होती. त्यांनी कॉफी पुढे केली. पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. मी इतक्या सरळ माणसावर रागावून बसले होते, याचाच मला अधिक राग यायला लागला.

"समितीने मला विचारलं होतं," ते म्हणाले. "मी सांगितलं, तुमचं काम उत्तम आहे. मग त्यांनी विचारलं, नाव का नाही? मला खरं ते सांगावं लागलं. मी देऊ केलं होतं, तुम्ही नको म्हणालात."

खोटं त्यात काहीच नव्हतं. मी कप बशीत ठेवला.

मग पुढे वाकून, अगदी हळू, पहिल्यांदाच काहीतरी शंका आल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुम्हाला हवं होतं का ते? मला खरं सांगा. तसं असेल तर मी आजच समितीला लिहितो, की चूक माझी झाली."

दुसऱ्यांदा विचारायला त्यांना सात महिने लागले होते, पण शेवटी विचारलं होतं. सगळी वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती.

"छे हो," मी हसून म्हटलं, "तसं काही नाही. तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

"मग बरं," ते म्हणाले आणि मागे टेकून बसले. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला समोर दिसला.